जमनाकाकीला आलेली शिसारी

जमनाकाकी पोथी वाचता वाचता मधेच उठायची, ओट्याच्या कडेला जायची आणि अंगणात पचकन थुंकून परत येऊन बसायची. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मळमळलं. समोर समई, लाल फडक्यावर उघडलेली पोथी, उदबत्तीचा धूर, आणि ही बाई थुंकतेय! मी शेजारी बसलेल्या बाईला हळूच विचारलं, "काकींना बरं नाही का?"

"बरं हाय ना," ती म्हणाली. "आता गोष्टीत तो ढोंगी आला नाय का, गोड बोलून गळा कापणारा? त्याच्या नावानं थुंकली ती. दरसाल थुंकते."

मी पालघरची. मुरबे गावात शाळेवर माझी नेमणूक झाली आणि रोजची ये-जा नको म्हणून मी काकीच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मला मुळातच चटकन किळस येते. दुसऱ्याचा उष्टा पेला, ओलं पायपुसणं, बसच्या गजाला चिकटलेलं काहीतरी, कशानंही अंगावर काटा येतो. अशा बाईनं मच्छीमारांच्या आळीत बिऱ्हाड करायचं म्हणजे पालघरच्या आमच्या घरी सगळ्यांना हसायला एक विषयच मिळाला. पहिल्या दिवशी सामान उतरवताना मी नाकाला पदर लावलेला काकीनं पाहिला.

"वास येतो काय, बाई?"

"येतो थोडा."

"येऊ दे. नाक चालू हाय म्हंजे माणूस जिता हाय."

रुंद खांद्यांची, काळीसावळी, घट्ट नेसलेलं लुगडं, कपाळावर कुंकू नाही, नुसतं गोंदण. नवरा फार पूर्वी गेलेला. घरात मुलगा दिनेश आणि सून वैशाली. काकी चौथीपर्यंत शिकलेली होती आणि उरलेलं वाचन तिनं पोथीवरच घोटलं होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत, बायकांना दुपारी सवड असे, तेव्हा रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा आळीतल्या दहा-बारा जणी तिच्या ओट्यावर जमत. बाजारात बोंबील विकताना जो आवाज लावायची त्याच आवाजात ती पोथी वाचायची. सूर नाही, हेल नाही. ओळीखाली बोट धरून, ओवी अडली की "थांब गं, पुन्ना वाचते" म्हणत. पण वाचून झालं की आरतीच्या आधी ती चष्मा काढून मांडीवर ठेवायची आणि सगळ्यांकडे पाहून विचारायची, "मंग आज काय करायचं?"

या प्रश्नाला ओट्यावरच्या सगळ्या बायका घाबरायच्या. कारण तो नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नसायचा. जे वाचलं त्यातलं एक तरी त्याच दिवशी करायचं, असा तिचा शिरस्ता होता. करण्यासारखं काही निघालं नाही तर ती नाराज व्हायची. "मंग वाचलं कशाला? घसा काय भाड्यानं आणलाय?"

एकदा खोटं बोलण्याविषयीचा भाग निघाला. त्याच संध्याकाळी पालघरच्या बाजारात एक गिऱ्हाईक पापलेट उचलून विचारू लागलं, "ताजं आहे ना?" काकी म्हणाली, "कालचं हाय. बरफात होतं." गिऱ्हाईक पापलेट ठेवून पुढं गेलं. शेजारी पाटी घेऊन बसलेली तिची जाऊ चवताळली. "अगं, तुझी पोथी तुझ्यापाशी! माझीपण मासळी कालचीच हाय, आता मला कोण इचारंल?" काकी शांतपणे म्हणाली, "तुला कोण खरं सांग म्हणतं? मी वाचलं, मी सांगितलं. पोथी दुसऱ्याच्या डोक्यात घालायला नसते. जड असते ती, आपल्याच पायावर पडते."

हे मात्र तिच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. "पोथीत असं लिहिलंय" हे वाक्य तिनं कधी कुणाला सुनावलं नाही. सुनेला नाही, मला नाही. दुसऱ्यांना ओव्या ऐकवणारी माणसं दिसली की तिचं तोंड कडू व्हायचं, अगदी कारलं चावल्यासारखं. त्या माणसांचं नाव निघालं की ती एकच शब्द म्हणायची, "शी."

धर्माची गोष्ट माझ्या पहिल्याच पावसाळ्यातली. आळीच्या टोकाला धर्मा नावाचा म्हातारा एकटा राहायचा. तरुणपणी दारू पिऊन बायकोला मारायचा, इतका की ती बिचारी शेवटी खंगून मेली. मुलगा घर सोडून गेला तो फिरकला नाही. आता धर्मा खाटेवर पडून होता. कोणीतरी दारातून भाकरी सरकवायचं, पण आत कोणी जात नसे. वाऱ्याची दिशा बदलली की त्या घराचा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा.

त्या दुपारी पोथीत सगळ्या जिवांमध्ये एकाचीच वस्ती आहे अशा अर्थाचं काहीतरी आलं. काकीनं चष्मा काढला. बायका चुळबुळल्या, कारण वारा त्याच दिशेनं होता.

"पण काकी, धर्मा?" एक जण म्हणाली. "त्यानं बायकोला काय केलं ते आमी बघितलंय."

"मी बी बघितलंय. ओवीत धर्मा सोडून असं कुठं लिवलंय काय? दाव मला."

तिघीजणीच तिच्यामागे गेल्या. मी शिक्षिका, मागे कशी राहणार, म्हणून मीही गेले. पण दारातच थबकले. आत काय होतं ते सगळं सांगत नाही. घोंगडी त्याच्या पाठीला चिकटली होती आणि ती सोडवताना पाठीतल्या जखमेत वळवळ दिसली. काकीनं गरम पाण्यात फडकं बुडवलं, ते त्या जखमेवर धरलं, मग एकदम उठली, माझ्या अंगावरून धावत बाहेर गेली आणि शेवग्याखाली भडभडून ओकली. चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा आत गेली.

धर्मा तिला शिव्या देत होता. ती त्याला त्याहून कचकचीत शिव्या देत त्याची पाठ धुत होती. "गप पड, मेल्या. तुझ्यासाठी नाय आले. ओवीसाठी आले."

परतताना मी विचारलं, "काकी, तुम्हाला किळस नाही वाटत?"

तिनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "आत्ता ओकले ते काय पोट बिघडलं म्हणून? देवानं नाक दिलंय ते पळायला नाय, बाई. घाण कुठं हाय ते कळायला दिलंय. कळलं की तिकडं जायचं."

ती रोज जात राहिली. थोड्या दिवसांनी धर्मा गेला तेव्हा ती रडली नाही. "माणूस वाईटच होता," म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी खाडी पांढरी दिसली. मला वाटलं फेस आहे. जवळ गेल्यावर कळलं, उलटे पडलेले मासे होते ते. बोय, निवट्या, चिमुकली कोळंबी, सगळं पोट वर करून चिखलाला लागलेलं. पाण्यावर तांबूस साय धरली होती. आणि वास! सुक्या मासळीचा वास आता मला ओळखीचा झाला होता, पण हा तो नव्हता. आंबट, कडवट, घशात जाऊन बसणारा. चूळ भरली तरी जाईना. कावळेसुद्धा त्या माशांवर उतरत नव्हते. आळीतले पुरुष बोईसरच्या कारखान्यांच्या नावानं ओरडत होते. दोन साहेब गाडीतून आले, रुमाल नाकाला लावून बाटल्यांत पाणी भरून घेतलं आणि बुटांचा चिखल शाळेच्या पायरीला पुसून निघून गेले. पुन्हा त्यांचं काही कळलं नाही.

दिनेश तेव्हा बोईसरला एका केमिकल कारखान्यात टँकर चालवायचा. पोरगा चांगला. पहाटे निघताना आईच्या पाया पडायचा, शनिवारी उपास करायचा, मला "बाई, काही आणायचं काय?" असं आवर्जून विचारायचा. त्या आठवड्यात वैशाली माहेरी होती, म्हणून काकीच त्याचे कपडे धूत होती. मी नळावर पाणी भरत होते. धोपटता धोपटता तिचा हात थांबला. तिनं दिनेशचा सदरा नाकापाशी नेला. पुन्हा नेला. मग तसाच निथळता सदरा घेऊन माझ्यापाशी आली.

"बाई, हुंगा."

मी मागे सरले.

"हुंगा म्हणते ना."

मी हुंगला. आंबट, कडवट. घशात बसणारा.

दुपारी दिनेश जेवायला आला. काकीनं ताट वाढलं नाही. सदरा त्याच्यासमोर टाकला. मी माझ्या खोलीत होते, पण मधली भिंत फटीफटींच्या कुडाची होती आणि काकीचा आवाज बाजारातला.

"तुझ्या गाडीत काय असतं?"

"कारखान्याचं पाणी असतं. शेठ सांगतो तिथं नळ सोडायचा. मी फक्त गाडी चालवतो, आई."

"कुठं सोडतोस?"

"नाल्यात. पुलाच्या अलीकडं."

"नाला कुठं जातो?"

दिनेश तांब्या उचलून पाणी प्यायला.

"लहानपणी त्याच नाल्यात चिंबोऱ्या धरायचास. तुला ठाऊक नाय काय कुठं जातो?"

"मी नाय सोडला तर दुसरा कोणी सोडंल!"

"त्याचं त्याच्या आईला बघू दे," काकी म्हणाली. "माझ्या पदरात तू हायस."

दिनेश न जेवता गेला. वाचनाचा दिवस नव्हता, समई नव्हती, तरी काकीनं पोथीचं फडकं सोडलं. एकटीच बसून बराच वेळ वाचत होती. त्या दिवशी मात्र तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता. चष्मा काढून ती मांडीवर हात ठेवून बसली. तिनं काय वाचलं ते मी विचारलं नाही. काय करायचं ठरवलं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं पाहिलं.

देवळासमोर सभा होती. कारखान्यांवर मोर्चा न्यायचा, रस्ता अडवायचा, बाहेरच्यांनी आपली खाडी नासवली, अशी भाषणं चालली होती. काकी बायकांतून उठली. "बाहेरचा नाय," ती म्हणाली. "माझा दिनेश हाय. माझ्या पोराची गाडी हाय."

मला वाटलं होतं, आता लोक तिला मानतील. निदान गप्प तरी राहतील. पण गप्प राहिले ते एवढ्यासाठी की तिथल्या कितीतरी घरांतली पोरं त्याच कारखान्यात होती आणि ते प्रत्येकाला ठाऊक होतं. माहीत नसल्याचं सोंग करूनच ती सभा भरली होती. पुढे बसलेला एक वडीलधारा खाकरला.

"जमना, घरातला उकिरडा असा चव्हाट्यावर आणायचा नसतो."

"घरात ठेवला तं वास कुठं जातो, दादा?"

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग एकेक जण उठून चपला शोधू लागला. मोर्चा निघालाच नाही. धर्माच्या दारात मला जी किळस आली होती तिला निदान काही कारण होतं, पाठ सडलेली होती. इथं धुतलेले कपडे घातलेली, कपाळाला गंध लावलेली माणसं होती, आणि त्यांची मला त्याहून जास्त किळस आली.

दिनेश वैशालीला घेऊन बोईसरला खोली करून राहू लागला. ओट्यावरच्या बायका एकेक करत यायच्या बंद झाल्या. कुणाचं पोर आजारी, कुणाला उन्हात सुकवलेली मासळी सोडवत नाही. पुढच्या पावसाळ्यात ओट्यावर आम्ही दोघीच. "ऐकायला कोणी नाही, तर कशाला मोठ्यानं वाचता?" मी म्हटलं. "मी हाय ना ऐकायला," काकी म्हणाली. "मला कमी लागतंय काय ऐकायची गरज?"

आणि मग एके दिवशी शेठ स्वतः आला. तोच, दिनेशच्या कारखान्याचा मालक. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा खोका. बोईसरला मोठं मैदान घेऊन त्यानं सप्ताह बसवला होता, लांबून कोणी मोठे महाराज येणार होते. "माउली, तुमच्या पोथीचं नाव ऐकलंय. एक अध्याय तुमच्या तोंडून व्हावा, अशी इच्छा आहे," तो वाकून म्हणाला. मला कळत होतं, गावाचं तोंड गोड करायचा हा उद्योग आहे. काकी त्याला हाकलून देईल म्हणून मी वाट पाहत होते.

"येईन," काकी म्हणाली.

तो गेल्यावर मी चिडले. "तुम्ही जाणार?"

"बोलावणं पोथीला हाय, मला नाय. पोथीला जाऊ नको कसं सांगू?"

पेढे तिनं उघडले नाहीत. मीही नाही. मुंग्या लागल्यावर खोका शेणकुंडीत गेला.

सप्ताहाच्या मंडपात पंख्यांतून अत्तराचं पाणी उडत होतं. महाराज मखमली आसनावर बसले होते. शेठनं आणि शेठाणीनं चांदीच्या ताटात त्यांचे पाय धुतले, दूध घातलं, ते पाणी भांड्यात गाळलं, आणि स्वयंसेवक ते चमच्याचमच्यानं लोकांच्या तळहातावर देऊ लागले. लोक ते पीत होते, उरलेलं केसांना पुसत होते. माझ्यासमोर चमचा आला. मी हात मागे बांधले. निर्लज्जासारखं हसणाऱ्या महाराजांचे ते पाय, गुलाबी आणि तुपानं माखल्यासारखे, मला आजही डोळ्यांसमोर आले की जेवण जात नाही.

पिण्याच्या पाण्याच्या पिंपापाशी छातीवर बिल्ला लावून दिनेश उभा होता. सप्ताहात सेवा द्यायची, असा कारखान्यात हुकूम होता.

काकी वाचायला बसली. तिचा तो ओबडधोबड आवाज कर्ण्यांतून मैदानभर गेला आणि पहिल्यांदा काही जण हसले. मग हसू थांबलं. ती घाईत नव्हती. बोट ओळीखाली सरकत होतं. अध्याय संपला. तिनं चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"मंग आज काय करायचं?"

महाराज प्रसन्न हसले. "माउली विचारतात काय करायचं! आज नाचायचं! आज आनंद करायचा!" टाळ-मृदंग सुरू झाला, लोक उभे राहिले. काकी बसून राहिली. वाजंत्री थांबेपर्यंत थांबली. मग शेठकडे वळून, अगदी आपुलकीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "शेठ, तुमची गाडी उद्या सकाळी कुठं जाणार?"

कोणीतरी माइक बंद केला. तरी पुढच्या रांगांना ऐकू गेलंच होतं. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, पुसायला विसरल्यासारखं. "माउली थकल्यात," महाराज म्हणाले. दोन पोरांनी काकीला दंडाला धरून उठवलं. तिनं पोथी छातीशी धरली आणि मुकाट्यानं उतरली. पिंपापाशी आली तेव्हा दिनेशनं मान खाली घातली. तीही थांबली नाही. फाटकाजवळ कोणीतरी तिच्या हातात शिऱ्याचा द्रोण दिला. तिनं तो भिंतीवर अलगद ठेवला. "अन्न बिचारं काय करील," म्हणाली, "पण घशाखाली उतरणार नाय."

रिक्षात मी रागानं रडत होते. "काय उपयोग झाला, काकी? उद्या सकाळी गाडी जायची तिथंच जाईल."

"उपेग? मी काय मासळी इकायला गेले होते काय?" मग तिनं पोथी फडक्यात नीट बांधली. कारखान्यांची धुरांडी मागे पडली, मोकळी शेतं लागली, तेव्हा म्हणाली, "लोकांना वाटतं, पोथीचा उजेड पडला की देव दिसंल. पहिल्यांदा घाणच दिसते, बाई. मला बी लय दिवस ठाऊक नव्हतं."

पुढं माझी बदली माकुणसारच्या बाजूला झाली. काकीला फोनवर बोलायला आवडत नसे. "तोंड दिसत नाय, खरं का खोटं कळत नाय" म्हणून ठेवून द्यायची. हळूहळू भेटी राहून गेल्या. दिनेशनं ती नोकरी सोडली एवढं कानावर आलं होतं. का सोडली, कधी सोडली, ते सांगणारं कोणी भेटलं नाही.

काही वर्षांनी कामानिमित्त बोईसरला गेले होते. दुपारची वेळ, कारखान्यांच्या रस्त्यावर वाहनांची ही रांग. "अरे भाई, आगे ले ना," म्हणून सगळे ओरडत होते. माझ्या रिक्षाच्या पुढे बर्फाचा एक छोटा टेम्पो होता आणि टेम्पोच्या पुढे एक टँकर. टँकरच्या मागे झेंडूची माळ लटकत होती, त्यावर मोठ्या अक्षरांत देवाचं नाव रंगवलं होतं. आणि त्या नावाखालच्या नळातून काहीतरी पिवळसर, चिकट असं रस्त्यावर ठिबकत होतं. लोक त्यावरून चपला घालून चालत होते. मी नाकाला पदर लावला.

टेम्पोवाल्यानं जोरात हॉर्न मारला, रांग मोडून टेम्पो उजवीकडून काढला आणि टँकरच्या तोंडासमोर आडवा लावला. दार उघडून खाली उतरला तो दिनेश. केस पांढरे झालेले, हातावर सालपटं निघालेले डाग. पलीकडच्या सीटवर जमनाकाकी होती. फारच वाळली होती. मी हाक मारली, पण त्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही.

दिनेश टँकरच्या दारापाशी गेला, त्यानं ड्रायव्हरला हात करून खाली बोलावलं. ड्रायव्हर अगदी कोवळा पोरगा होता. तो उतरेना. मागून शिव्या यायला लागल्या. दिनेश हलला नाही. काकीनं त्याला बोलावलं नाही, थांबवलंही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती काचेतून त्याच्याकडे बघत बसली होती.

माझ्या रिक्षावाल्यानं फट पाहून रिक्षा कडेनं काढली. टेम्पोपासून हातभर अंतरावरून आम्ही गेलो. काकीचे ओठ हलत होते. ओवी म्हणत होती की शिव्या देत होती, ते मला रिक्षातून कळलं नाही.